समईच्या पाच वातींनी तीन रात्री खाल्ल्या – माझा अनुभव

चवथीला फोंड्याच्या घरी आजी माटोळीखाली (गणपतीवर फळं-भाज्या टांगतात ती लाकडी चौकट) बसून अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करत होती, बाजूला समई, तेव्हाच ठरवलं की याचा सिनेमाग्राफ करायचा. म्हणजे आजी, फुलं, माटोळी सगळं फोटोसारखं स्थिर आणि ज्योती तेवढ्या हलत्या. केविन बर्ग आणि जेमी बेक यांनी २०११ मध्ये हा शब्द रूढ केला, तेव्हापासून मला याचं वेड आहे.

ट्रायपॉड, मॅन्युअल एक्स्पोजर, २० सेकंदांचा व्हिडिओ, झालं. आजीला हलू नको म्हणायची गरज नसते, तिची एकच फ्रेम गोठवायची, फक्त हात ज्योतीपुढून जाता कामा नये. मास्किंगही, म्हणजे चित्राचा कुठला भाग हलता ठेवायचा ते आखणं, तासाभरात उरकलं.

अडलं ते लूपच्या सांध्यावर, म्हणजे चार सेकंदांचा तुकडा संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो तिथे. शेवटच्या फ्रेममध्ये ज्योत डावीकडे झुकलेली आणि पहिल्यात सरळ, त्यामुळे दर चार सेकंदांनी टचकन उडी, आणि एकदा दिसली की डोळा तिथेच जातो! क्रॉसफेड लावला, म्हणजे शेवट विरत विरत सुरुवातीत मिसळला, तर अर्धा सेकंद एका वातीवर दोन ज्योती. हरवळेच्या धबधब्याला हाच क्रॉसफेड मस्त चालला होता, कारण पाण्याला ठरावीक आकार नाही, ज्योतीला आहे. उलटसुलट चालवून बघितलं तर वळताना ज्योत अडखळते. मग सारख्या दिसणाऱ्या दोन फ्रेम शोधायला बसलो, सेकंदाला २५ च्या रेटने ५०० फ्रेम, पण पाचही वाती एकदम जुळतील तर शपथ. तिसऱ्या रात्री सुचलं की पाचही एकत्र जुळवायच्याच कशाला, प्रत्येक वातीला वेगळा मास्क द्यायचा, सुरुवात हवी तिथून घ्यायची, लांबी मात्र सगळ्यांची १०० फ्रेमच, नाहीतर शेवटी एका फाइलमध्ये बसत नाही. आणि बसलं! पहाटे तीनला एकटाच हसत होतो.

हो, समोरच्या वातीची पितळेवरची झळाळीपण मास्कमध्ये घ्या, मी आधी सोडली होती, समई मेल्यासारखी दिसत होती. जीआयएफ करू नका, २५६च रंग मिळतात, मागच्या काळोखाचे पट्टे पडतात, एमपी४ ठेवा. ट्यूबलाइट चालू असेल तर शटर १/५०. पंखा बंद, कितीही घाम येवो.

आणि वाती आखूड ठेवा. हे आजीने सांगितलं, लांब वात फडफडते म्हणून तिनेच त्या मागे सारल्या, पण तोवर माझं शूट झालं होतं.