झाडूवाला विद्यार्थी आणि एक डायरी

आज सकाळपासून पाऊस. कामाचा लॅपटॉप उघडला आणि वाचत बसले जेम्स गारफिल्डचे कॉलेजचे दिवस! पुढे १८८१ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष झाला तो, पण मला हातात झाडू घेतलेलाच जास्त आवडला. १८५१ साली ओहायोतल्या हायरमच्या शाळेत शिकायला आला, तेव्हा फी भागवायला वर्ग झाडायचा, घंटा वाजवायचा.

श्रद्धा पक्की. १८५० च्या मार्चमध्ये, तिकडच्या गारठ्यात, नदीच्या पाण्यात बुडी घेऊन बाप्तिस्मा घेतलेला. (मला गीझर लागला नाही तर मी आंघोळच पुढे ढकलते.) शिकता शिकता प्रवचनंही द्यायला लागला.

आणि लुक्रेशिया रुडॉल्फ. शाळेच्या एका संस्थापकाची मुलगी, गारफिल्डकडेच ग्रीक शिकलेली. १८५४ ला हा मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजात गेला आणि प्रेम चाललं ते पत्रांतून. समोर आला की मात्र ती अगदी अलिप्त. हा बिचारा हिरमुसलेला, हिच्या मनात आहे तरी काय? शेवटी तिनं आपली डायरीच त्याला वाचायला दिली. तोंडून जे निघत नव्हतं ते सगळं त्यात होतं. केवढी हिंमत लागली असेल! मी तर व्हॉट्सॲपही कुणाला दाखवत नाही.

तरी लग्न १८५८ च्या नोव्हेंबरात.

रात्री जेवताना आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांची डायरी उघडली असती तर दुधाचा हिशोब निघाला असता." बाबा मान खाली घालून आमटी ओरपत होते.