पोटात पाय, तोंडात भाला

संग्रहालयात पाट्या लिहिणं हे माझं काम. चुका सहसा कच्च्या कागदावरच मरतात. त्या दिवशीची मात्र काचेआड जाता जाता राहिली.

प्रदर्शनाचं नाव 'निसर्गातले शंकू'. एकीकडे कोनस मॅगस या समुद्री गोगलगायीचा शंख, दुसरीकडे पॅसिफिक यू या सूचिपर्णी झाडाची फांदी. कोनस म्हणजे शंकू, कोनिफर म्हणजे शंकू धरणारं झाड. मी खुशीत लिहून टाकलं, 'दोघांची ओळख एकच, शंकू.'

वनस्पती विभागातल्या मॅडमनी फांदी माझ्यापुढे धरली. "दाखव बघू कुठंय शंकू?"

चपट्या सुया, आणि त्यांच्या बेचक्यात लाल, मऊ पेल्यासारखं काहीतरी. त्यात एकच बी. लाकडी शंकू यूला धरतच नाही!

पाटी फाडली आणि दोघांची नोंदकार्डं शेजारी ठेवून वाचत बसले. यूची साल १९६२ साली तपासणीसाठी गोळा केली गेली, तिच्यातल्या पॅक्लिटॅक्सेलची रचना १९७१ साली प्रसिद्ध झाली आणि १९९२ साली अमेरिकेत ते कर्करोगावरचं औषध म्हणून मान्य झालं. कोनसच्या विषात २५ अमिनो आम्लांची एक साखळी असते. तिची प्रयोगशाळेत बनवलेली प्रत म्हणजे झिकोनोटाइड. असह्य वेदनांवरचं हे औषध २००४ साली मान्य झालं. ते थेट मणक्यातल्या द्रवात सोडावं लागतं.

तेवढ्यात प्राणी विभागातल्या सहकाऱ्याने सूक्ष्मदर्शकाखाली कोनसचा दात लावून दिला. पोकळ, टोकाला उलटा काटा. हा दात माशात रुतवून विष सोडायचं, की मासा जागच्या जागी लुळा. एक दात एकदाच. 'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणतो आपण. हिच्या तोंडात भालाही निघाला.

यूही काही साधा नाही, त्याचा पाला खाऊन गुरं मरतात. पण औषधापायी हाल झाले ते झाडाचेच. साल सोलली की झाड मरतं, आणि यू वाढतो अगदी सावकाश. पुढे युरोपीय यूच्या सुयांमधल्या द्रव्यापासून औषध बनवता येऊ लागलं, तेव्हा कुठे तो सुटला. गोगलगायीचं नशीब त्या मानाने बरं.

नवी पाटी लिहिली, 'दोघांनाही पळता येत नाही, दोघंही विषारी.' मॅडमनी मान डोलावली. प्रदर्शनाचं नाव मात्र बदलता आलं नाही. फलक आधीच छापून आले होते.