गाईच्या कानातला नंबर आणि दुधाचं अनुदान: माझा अनुभव

2024 मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान जाहीर केलं, तेव्हा गावात सगळ्यांचा एकच प्रश्न होता: पैसे डेअरीकडून येणार की थेट खात्यावर? थेट खात्यावर म्हटल्यावर बरं वाटलं. तिथपर्यंत पोचायला काय करावं लागलं ते आमच्या गोठ्यापुरतं लिहिते, कारण ओळखीच्या बायका अजून मला तेच विचारतात.

अनुदान लिटरवर असलं तरी कागद गाईपासून सुरू व्हायचा. गाईच्या कानातला 12 आकडी बिल्ला, तो ज्याच्या नावावर नोंदलाय त्याचं आधार, आधारला जोडलेलं बँक खातं आणि डेअरीत दूध ज्याच्या नावावर जातं तो माणूस, हे सगळं जुळायला लागायचं. आमच्याकडे डेअरीचं खातं आण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावावर. दोन गाईंचे बिल्ले ह्यांच्या नावावर, कारण बिल्ले मारायला आले त्या दिवशी घरी हेच होते. तिसरी गाय घोडेगावच्या बाजारातली. तिच्या कानात बिल्ला होता, पण नोंद भलत्याच माणसाच्या नावावर. धारा दोन्ही वेळच्या मी काढते आणि माझं नाव कुठेच नव्हतं.

संकलन केंद्रावरच्या पोराने आधी सगळ्या गाईंचे नंबर मागितले. नंबर वाचणं हेच एक काम असतं. बिल्ल्यावर शेण वाळलेलं, गाय मान झटकते, ह्यांनी मोरकी धरली आणि मी ओल्या फडक्याने पुसत एकेक आकडा मोठ्याने सांगत गेले. 3 आणि 8 सारखेच दिसतात. मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघा, मगच लिहून द्या. एक आकडा चुकला तरी नाव यादीतून गळतं आणि का गळलं ते कुणी सांगत नाही.

ह्यांच्या नावावरच्या गाई आण्णांच्या नावावर करणं सोपं गेलं. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या पर्यवेक्षकांनी भारत पशुधन ॲपवर दुरुस्ती केली. अडकली ती बाजारातली गाय. आधीचा मालक शोधा, असं सांगितलं. ज्या हेडीकडून, म्हणजे जनावरांच्या व्यापाऱ्याकडून घेतली त्याने ती दुसऱ्या हेडीकडून घेतलेली. बाजार समितीची पावती मी गव्हाणीवरच्या फळीत जपून ठेवली होती, तिच्यावरूनच माग लागला. तो माणूस भला निघाला, लगेच हो म्हणाला. पण मधल्या काळात आमच्या सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या गाईचं दूध अनुदानात धरलंच गेलं नाही. दूध रोज केंद्रावर जात होतं, फॅट लागत होती, डेअरी पावडर करत होती. फक्त सरकारच्या हिशोबात ते नव्हतं.

आण्णांचं बँक खातं आधारला जोडणं एका खेपेत झालं, त्यात काही विशेष नाही.

पैसे आले, सलग नाही, पण आले. सरकीचं उधार फिटलं, हे मी नाकारत नाही. तरीही दराचा मूळ प्रश्न तिथेच राहिला. 2023 च्या जुलैमध्ये सरकारने 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफच्या (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दुधाला किमान 34 रुपये दर ठरवला होता. हिवाळ्यात तो 27 वर आला आणि डेअरीवाल्यांना कुणी जाब विचारला नाही. मग अनुदान आलं. 2024 च्या जुलैमध्ये डेअरीने 30 द्यायचे आणि सरकारने 5, असे 35. ऑक्टोबरमध्ये अनुदान 7 झालं म्हणून गावात पेढे वाटले, पण त्याच आदेशात डेअरीचा दर 28 केला होता. बेरीज पुन्हा 35. वाढवलेले 2 रुपये सरकारच्या तिजोरीतून निघाले आणि डेअरीचे वाचले. आम्हाला एक पैसा जास्त मिळाला नाही. शिवाय डेअरीचा पगार, म्हणजे दुधाचे पैसे, दर दहा दिवसांनी हातात यायचे, अनुदानाची मात्र वाट बघावी लागायची. म्हणजे हमखास मिळणारे 2 रुपये बेभरवशाचे झाले.

उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर आहे, केंद्र सरकार 22 पिकांचे हमीभाव जाहीर करतं. दूध त्यात नाही. दुधाचा किमान दर कायद्याने बांधावा आणि तो न देणाऱ्याकडून वसूल करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अनुदान असू दे, पण ते दराच्या वर.

आता जनावर घेणाऱ्यांसाठी. कानात बिल्ला नसलेलं जनावर बाजारात घेऊ नका. बिल्ला असला तर तिथेच नंबरचा फोटो काढा, विकणाऱ्याला मूळ मालकाचं नाव आणि फोन विचारा, पावतीवर बिल्ल्याचा नंबर लिहून घ्या आणि गाय घरी आली की त्याच आठवड्यात दवाखान्यात जाऊन मालक बदलून घ्या. योजना जाहीर झाल्यावर तिथे पाय ठेवायला जागा नसते. आणि ज्या घरात धारा बाई काढते, तिथे डेअरीचं खातं आणि बिल्ले दोन्ही तिच्याच नावावर करा. आमच्याकडे आण्णांनीच तसं सुचवलं, आणि ते काम सध्या चालू आहे.