वासोट्याचं मॉडेल: सत्ताविसावा थर

पावसाळ्याआधी उरकेन म्हणालो होतो. आषाढ लागला आणि मी अजून सत्ताविसाव्या थरावर आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: वासोटा किल्ला आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांचं पुठ्ठ्याचं मॉडेल करतोय, नकाशावरून. टोपोशीट (उंचसखलपणा दाखवणारा नकाशा) ४७ जी/१०, जुनी, एक इंचाला एक मैल, कापडावर चिकटवलेली. चिपळूणच्या दमट हवेत घड्यांवर कसरीने जाळी केलीय, म्हणून मूळ शीट कपाटात आणि ट्रेसिंग स्कॅनवरून. चोरवणं, नागेश्वर, वासोटा आणि पलीकडे कोयना, एवढाच तुकडा. दर १०० फुटांना एक मिलिमीटरचा पुठ्ठा. हो, उंची दुप्पट होते. पण खऱ्या प्रमाणात ४००० फूट म्हणजे जेमतेम १९ मिलिमीटर! चोरवण्यातून मान मोडेपर्यंत वर बघितलेला डोंगर बोटाच्या पेराएवढा करायला जीव होईना.

या आठवड्यात बाबूकड्याने अडवलं. तिथे कंटूर (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) इतक्या चिकटल्यात की सगळ्यांची मिळून एक तपकिरी दोरी झालीय. भिंगाखाली दोनदा मोजल्या, दोनदा वेगळा आकडा. शेवटी मोजणं सोडलं. माझ्या शीटवर रेषा ५० फुटांनी आहेत, पाचवी ठळक. एक सोडून एक ठळक रेषा धरली की ५०० फूट, म्हणजे पाच थर. मधले थर एकाखाली एक सरळ कापले. कडा शोभतोय.

गोंद पाणी घालून पातळ करू नका. माझे चार थर पापडासारखे वळले. स्वयंपाकघरातला पाटा आणून वर ठेवला, तेव्हा आई म्हणाली, "आणि वाटण काय तुझ्या डोंगरावर करू?"

राहिली कोयना. मित्राचा आग्रह, निळं रेझिन ओत, शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, झकास दिसेल. धरण १९६४ला पूर्ण झालं, शीट त्याआधीची. तिच्यावर नदी एक बारीक निळी रेघ आहे आणि काठाला वाड्यांचे लाल ठिपके. आज बामणोलीहून लाँच त्यांच्यावरूनच वासोट्याच्या पायथ्याला जाते. रेझिनचा डबा आणलाय, उघडलेला नाही. उघडणारही नाही. शीट ज्या काळची, मॉडेल त्या काळचं.

वाड्यांसाठी लाल टाचण्या लावून बघितल्या. डोकं तीन मिलिमीटरचं, म्हणजे जागेवर १९० मीटर. एका टाचणीखाली शेजारची वाडी बुडते. याहून बारीक डोक्याच्या कुठे मिळत असतील तर सांगा.