तुम्ही विचारलंत म्हणून: आयरिशमधला माझा आवडता शब्द

आयरिश शिकतोय म्हटलं की लोक हमखास विचारतात, त्या भाषेतला तुमचा आवडता शब्द कोणता? माझं उत्तर ठरलेलं आहे: शॅन. (शॉन या नावाशी त्याचं काही नातं नाही. शॉन म्हणजे जॉनचं आयरिश रूप.)

आपण माणसाला म्हातारा म्हणतो आणि घराला जुनं. आयरिशमध्ये दोघांनाही शॅन चालतो. लॅटिनमधला ‘सेनेक्स’ म्हणजे म्हातारा, हा त्याचा भाऊबंद; आपल्याकडे रुळलेला ‘सीनियर’ त्याच घराण्यातून आला. संस्कृतातलं ‘सन’, म्हणजे जुना, तेही याच कुळातलं आणि ‘सनातन’सुद्धा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कोश तसाच उघडा ठेवून बराच वेळ बसलो होतो.

पण मला खरी भुरळ घातली ती त्याच्या व्याकरणानं. आयरिशमध्ये विशेषण सहसा नामाच्या मागून येतं. ‘फॅर मोर’ म्हणजे मोठा माणूस, शब्दशः ‘माणूस मोठा’. शॅन मात्र मराठी विशेषणासारखा नामाच्या आधी येतो आणि त्याला चिकटूनच बसतो. शिवाय पुढचं व्यंजन मऊ करतो. बॅन म्हणजे बाई. म्हातारी बाई ‘शॅनव्हॅन’. फॅर म्हणजे पुरुष. तिथे तर फ पार गळून ‘शॅनॅर’ होतं. त, द, स यांना मात्र धक्का लागत नाही. दिना म्हणजे माणूस, म्हातारा माणूस ‘शॅनदिना’. शाळेतली वर्णमाला आठवा: न, त, द, स सगळे दन्त्य. न म्हणताना जीभ जिथे टेकते तिथेच पुढचा वर्ण असतो, म्हणून तो शाबूत राहतो. पाणिनीच्या देशातल्या माणसाला हा नियम पाठ करावा लागत नाही!

‘तो म्हातारा आहे’ म्हणताना शॅन सुटाच राहतो: ‘ता शे शॅन’. थोरला मुलगा म्हणायचं तर शॅनचं ‘शिने’ होतं.

म्हणीला ते ‘शॅनोकल’ म्हणतात, म्हणजे जुना शब्द. आणि आजीला ‘शॅनवाहिर’. माहिर म्हणजे आई, आपल्या ‘मातृ’ची बहीण; शॅन चिकटला की म चा व होतो. म्हणजे त्या एका शब्दात ‘सन’ आणि ‘मातृ’ या दोघांचे नातलग शेजारी बसलेत. घरात हाक मारताना मात्र तिथली नातवंडं नुसतं ‘मामो’ म्हणतात.