हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळी

गेल्या श्रावणात आमच्या शाळेतर्फे सर्व कर्मचाऱ्यांची आरोग्य तपासणी झाली. रक्ताचा अहवाल मोबाइलवर आला तेव्हा मी सवयीप्रमाणे फक्त पहिला आकडा पाहिला: हिमोग्लोबिन 11.2. बायकांना 12 तरी हवे, म्हणजे आपले नेहमीचेच, असे मनाशी म्हणून मी फोन बाजूला ठेवला. गेली पंचवीस वर्षे मला हेच ऐकवले गेले आहे की तुमच्या अंगात रक्त कमी आहे. दोन्ही बाळंतपणांत लोहाच्या गोळ्या झाल्या आणि त्यानंतरही दर दोन-तीन वर्षांनी कोणी ना कोणी त्या लिहून दिल्या. पोट साफ होत नसे, तोंडाला लोखंडी चव येई, आणि तीन महिन्यांनी तपासावे तर हिमोग्लोबिन जिथल्या तिथे. अळिवाचे लाडू, खजूर, लोखंडी कढईतली पालेभाजी, सगळे झाले. मी नीट खात नाही, असाच घरच्यांचा समज झाला होता, आणि हळूहळू माझाही झाला.

या वेळी मात्र रात्री पुन्हा अहवाल उघडला आणि खालच्या ओळी वाचल्या. लाल पेशींची संख्या 56 लाख, आणि तिच्यापुढे ‘जास्त’ अशी खूण. त्याखाली एमसीव्ही 64, आणि त्यापुढे ठळक अक्षरांत ‘कमी’. अंगात रक्त कमी असलेल्या बाईच्या रक्तात लाल पेशी प्रमाणापेक्षा जास्त कशा, हा प्रश्न मला त्या रात्री पडला. खरे म्हणजे तो माझ्या जुन्या अहवालांवरून फार पूर्वी कोणाला तरी पडायला हवा होता. मी फाइल काढून पाहिली. हाती लागलेल्या चारही अहवालांत एमसीव्ही 63 ते 65 यांच्या मध्येच होता. इतकी वर्षे गोळ्या घेऊनही तो जराही हललेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळी कागदपत्रे घेऊन मी आमच्या घरच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अर्धा तास दिला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. एमसीव्ही म्हणजे एका लाल पेशीचे सरासरी आकारमान, आणि प्रौढ माणसात ते साधारण 80 ते 100 फेम्टोलिटर असते. एका लिटरचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोलिटर. इतकी सूक्ष्म गोष्ट मोजतात कशी, असे मी विचारले. अमेरिकेतल्या वॉलेस कोल्टर यांनी 1953 मध्ये ज्या पद्धतीचे पेटंट मिळवले, तीच आजही अनेक यंत्रांत वापरली जाते: मिठाच्या पाण्यात सोडलेल्या पेशी बारीक छिद्रातून एकेक करून जातात, छिद्रातून वाहणाऱ्या विजेला प्रत्येक पेशी क्षणभर अडवते, आणि पेशी जितकी मोठी तितका तो अडथळा मोठा. यंत्र पेशी मोजते आणि मापतेही.

पेशी लहान असण्याचे आपल्याकडचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे लोहाची कमतरता, म्हणूनच लहान पेशी दिसल्या की हात आपोआप लोहाच्या गोळीकडे जातो. परंतु बीटा थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाच्या पेशीही लहानच असतात, आणि तिथे लोह कमी असेलच असे नाही. हिमोग्लोबिनच्या दोन प्रकारच्या साखळ्यांपैकी एक, आनुवंशिक कारणाने, कमी बनते. पेशीत पुरेसे हिमोग्लोबिन भरत नाही आणि ती लहान राहते. लोह नसेल तर अस्थिमज्जेला पेशी पुरेशा संख्येने तयार करता येत नाहीत, म्हणून आकार आणि संख्या दोन्ही घटतात. थॅलेसेमिया मायनरमध्ये मज्जा लहान पेशी भरपूर तयार करून उणीव भरून काढू पाहते. माझ्या 56 लाखांचा अर्थ हा होता. डॉक्टरांनी कागदावर 64 ला 5.6 ने भागले. उत्तर आले 11.4. मेन्ट्झर यांनी 1973 मध्ये सुचवलेला हा भागाकार 13 च्या खाली आला तर संशय थॅलेसेमियाकडे जातो, वर आला तर लोहाच्या कमतरतेकडे. हा केवळ इशारा आहे, निदान नव्हे, असे त्यांनी दोनदा बजावले.

निदानासाठी आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा पाहायचा होता. नेमका तेव्हा मला ताप होता. तापात आणि शरीरात कुठेही दाह असताना फेरिटिन वाढलेले दिसते, त्यामुळे खरी कमतरताही झाकली जाते, म्हणून त्यांनी तीन आठवडे थांबायला सांगितले. हिमोग्लोबिनच्या प्रकारांची एचपीएलसी तपासणीही त्याच वेळी करायची ठरली, कारण लोह फार कमी असेल तर एचबीए2, म्हणजे थॅलेसेमिया मायनरमध्ये वाढणारा हिमोग्लोबिनचा प्रकार, खोटा खाली दाखवला जाऊ शकतो.

ही तपासणी मी दादरच्या एका प्रयोगशाळेत केली. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंना मी भीत भीत विचारले की माझ्या पेशी मला पाहायला मिळतील का. त्यांनी आनंदाने काचपट्टी लावली. गुलाबी वर्तुळांच्या गर्दीत मध्येच एक जांभळा, भरीव ठिपका होता. तो एका लहान पांढऱ्या पेशीचा केंद्रभाग, आणि निरोगी लाल पेशी साधारण तेवढीच असते, असे त्या म्हणाल्या. माझ्या पेशी त्या ठिपक्यापेक्षा उघड उघड लहान होत्या, मध्ये फिकट, आणि काहींच्या मधोमध नेमबाजीच्या फळ्यावर असतो तसा गडद टिंब होता. पंचवीस वर्षे ज्याला माझा आहारातला हलगर्जीपणा समजले गेले, ते जन्मापासूनचे हे रूप होते. मला तिथेच रडू आले.

पेशींच्या आकाराचा आमच्या परळशी जुना संबंध आहे, हे मला याच काळात वाचताना कळले. 1928 मध्ये डॉ. ल्युसी विल्स मुंबईत आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत अभ्यास केला. त्या बायकांच्या लाल पेशी माझ्या उलट, प्रमाणापेक्षा मोठ्या होत्या, आणि यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होत असल्याचे विल्स यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. माझी आजी गिरणीत कामाला होती. ज्या रस्त्याने मी रोज शाळेत जाते, त्याच भागात तिच्यासारख्या बायकांच्या रक्ताकडे कोणीतरी इतक्या बारकाईने पाहिले होते, याचे मला फार अप्रूप वाटते.

मोठ्या पेशींचा अनुभव घरातही आला, पण झाकलेला. सासूबाईंना थकवा फार, मात्र एमसीव्ही 86, अगदी ठीक. डॉक्टरांनी शेजारचा आरडीडब्ल्यू पाहिला. तो 19 होता, म्हणजे पेशींचे आकार एकमेकांपासून फार वेगळे होते. बी12 कमी असल्याने काही पेशी मोठ्या, लोह कमी असल्याने काही लहान, आणि सरासरी मात्र बिनदोष. केवळ एमसीव्हीवर त्यांची बोळवण झाली असती.

माझे फेरिटिन 68 आले, म्हणजे लोह पुरेसे. एचबीए2 5.4 टक्के, 3.5 च्या वर गेले तर बीटा थॅलेसेमिया मायनर धरतात. मला उपचाराची गरज नाही. गरज होती ती मुलीच्या तपासणीची, कारण तिचे लग्न ठरले आहे, आणि नवरा-बायको दोघेही वाहक, म्हणजे माझ्यासारखे मायनर असलेले, असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या विकाराचे गंभीर रूप, होण्याची शक्यता 25 टक्के असते. मुलगीही वाहक निघाली. मी स्वतः व्याह्यांच्या घरी जाऊन सर्व सांगितले. आमच्यात काही खोट आहे असे त्यांना वाटेल, या भीतीने पाय जड झाले होते. होणाऱ्या जावयाने दुसऱ्याच दिवशी रक्त दिले. त्याचा एमसीव्ही 88 आणि एचबीए2 2.6 आले.

माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर डॉक्टरांनी लाल शाईने लिहिले आहे: ‘बीटा थॅलेसेमिया मायनर. फेरिटिन पाहिल्याशिवाय लोह देऊ नये.’ त्या पानाचा फोटो मी साताऱ्याच्या धाकट्या बहिणीला पाठवला. तिने आपला अहवाल फोनवर वाचून दाखवला. तिचा एमसीव्ही 63 आहे आणि लोहाची गोळी ती अजून घेत आहे. सोमवारी ती एचपीएलसीसाठी रक्त देणार आहे.