तुम्ही विचारलंत म्हणून: एक माथेफिरू, दुसरा दहशतवादी?

मी वर्तमानपत्रात विदेशी बातम्यांच्या डेस्कवर काम करतो हे कळलं की हा प्रश्न ठरलेलाच. "गोळीबार तसाच, माणसं तितकीच मेलेली. मग एकाला तुम्ही माथेफिरू म्हणता नि दुसऱ्याला दहशतवादी, हे ठरवतं कोण?" विचारणाऱ्याच्या सुरात आरोप असतो आणि तो अगदीच खोटा नाही.

कागदावर उत्तर सोपं आहे. दहशतवाद ठरतो हेतूवरून, म्हणजे मारण्यामागे राजकीय किंवा वैचारिक कारण आहे का यावरून, मृतांच्या आकड्यावरून नाही. २०१७ साली लास व्हेगासमध्ये एकाने हॉटेलच्या खिडकीतून खालच्या संगीत महोत्सवावर गोळ्या झाडल्या. पुढे जखमांनी गेलेले धरून ६० जणांचा जीव गेला. एफबीआयला दीर्घ तपासानंतरही एकच असा ठोस हेतू सापडला नाही. अशा माणसाला दहशतवादी म्हणायचं तर कशाच्या आधारावर?

पण पहिल्या तासाभरात हेतू कुणालाच ठाऊक नसतो आणि मथळा तर तेव्हाच लागतो. मग अंदाज चालतात, आणि ते नावाकडे, वर्णाकडे बघून चालतात. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीत स्फोट झाला, १६८ माणसं गेली. लगेच मध्यपूर्वेतल्या अतिरेक्यांची चर्चा सुरू झाली. निघाला कोण, तर टिमथी मॅकव्हे, आखाती युद्धात लढलेला अमेरिकेचाच माजी सैनिक.

नॉर्वेचं प्रकरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. २२ जुलै २०११. अँडर्स ब्रेविक या अतिउजव्या विचारांच्या माणसाने राजधानी ओस्लोत सरकारी इमारतीपाशी बॉम्ब फोडून ८ जणांना मारलं, मग पोलिसाच्या वेशात उटोया बेटावर जाऊन मजूर पक्षाच्या युवा शिबिरातल्या ६९ जणांना. आधी इथेही बोट बाहेरच्यांकडेच होतं. तो घरचाच निघाला आणि त्याच्या डोक्याची तपासणी सुरू झाली. न्यायालयाने नेमलेल्या पहिल्या दोन मानसोपचारतज्ज्ञांना त्याच्यात पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया (भ्रम आणि संशयाने ग्रासणारा गंभीर मानसिक आजार) दिसला, नंतरच्या दोघांना नाही. खटल्यात सगळं उलटंच झालं. एरवी आरोपी वेडाचा आडोसा शोधतो. इथे सरकारी वकील त्याला मनोरुग्णालयात पाठवा म्हणत होते आणि आरोपी शहाणा ठरण्यासाठी झगडत होता. साहजिकच होतं ते. वेडा ठरता, तर त्याचा दीड हजार पानांचा जाहीरनामा नुसती बडबड ठरला असता. वाचलेल्यांपैकी आणि मृतांच्या नातेवाइकांपैकी अनेकांनाही तो शहाणाच ठरायला हवा होता, अर्थात वेगळ्या कारणाने: केल्याची जबाबदारी त्याच्यावर यावी म्हणून. ऑगस्ट २०१२ मध्ये न्यायालयाने त्याला जबाबदार धरलं आणि पुढे वाढवता येईल अशी २१ वर्षांची कैद सुनावली.

गोऱ्यांच्या वर्चस्वाचं खूळ घेतलेल्या डिलन रूफचंही तेच. २०१५ मध्ये त्याने अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ९ कृष्णवर्णीयांना मारलं. शिक्षेच्या सुनावणीत आपल्या मानसिक स्थितीचे पुरावे पुढे येऊ नयेत म्हणून तो स्वतःच स्वतःचा वकील झाला. त्याच्यावर द्वेषमूलक गुन्ह्याचे आरोप लागले, दहशतवादाचा नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात देशांतर्गत दहशतवादाची व्याख्या आहे, पण त्या नावाचा स्वतंत्र गुन्हा नाही. (हे सांगितलं की विचारणारे माझ्याकडे संशयाने बघतात.)

म्हणजे ज्यांनी मारलं ते ओरडून सांगतात, आम्ही वेडे नाही. आणि आपण मात्र त्यांना वेडं ठरवायला उतावीळ. कारण माथेफिरू म्हटलं की पुढचे प्रश्न मिटतात. तो काय वाचत होता, कुणाच्या टाळ्यांवर पोसला, त्याच्यासारखे आजूबाजूला किती आहेत, काही बघायला नको. शिवाय कुणाच्या केसालाही धक्का न लावणाऱ्या मनोरुग्णांच्या माथी फुकटचा कलंक.

मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांना मारणाऱ्या गोऱ्या हल्लेखोराला तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी संसदेत स्वच्छ 'दहशतवादी' म्हटलं आणि त्याचं नाव कधीच घेणार नाही असंही सांगितलं. पुढच्या वर्षी त्याला पॅरोलविना जन्मठेप झाली, खुनांबरोबर दहशतवादाच्या गुन्ह्यातही.

माझ्यापुरतं म्हणाल, तर पहिल्या रात्री मी 'हल्लेखोर' लिहितो, हल्लेखोर कुठल्याही नावाचा असो. सहकारी म्हणतात, मथळा मिळमिळीत झाला. होतो खरा.